वेब ॲप्लिकेशनमध्ये लॉग घेणारा एंडपॉइंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राउझर, मोबाइल ॲप आणि इतर सेवांकडचे लॉग (काय घडलं याच्या नोंदी) आपल्याच ॲप्लिकेशनमध्ये घेण्यासाठी एक एंडपॉइंट (बाहेरून रिक्वेस्ट घेणारा पत्ता) उघडायचा, हे काम वरवर अर्ध्या तासाचं दिसतं. तो सुरू झाला की जे प्रश्न येतात ते बहुतेकांचे सारखेच असतात. ते इथे सोप्यापासून किचकटापर्यंत लावले आहेत. उदाहरणं एक्सप्रेस आणि जँगो या वेब फ्रेमवर्क्सची आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरची आहेत, कारण सर्वाधिक प्रश्न त्यांच्याबद्दल येतात.

१. आमच्या सर्व्हरवर लॉग आधीच लिहिले जातात. मग हा वेगळा एंडपॉइंट कशाला?

सर्व्हरला दिसतं ते फक्त त्याच्यापर्यंत पोहोचलेलं. वापरणाऱ्याच्या फोनवर जावास्क्रिप्ट मध्येच थांबली, बटण दाबूनही काही हललं नाही, तर सर्व्हरच्या लेखी तसं काही घडलेलंच नसतं. ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या रिक्वेस्टच्या यादीत) ओळीने २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, दिसत असतात आणि तिकडे लोक फोन करून सांगत असतात की पान पांढरं पडतंय. त्या बाजूची हकिकत तुमच्यापर्यंत आणणारा मार्ग म्हणजे हा एंडपॉइंट. पोस्ट रिक्वेस्ट (माहिती पाठवणारी) येते, तिच्यात एक किंवा अनेक नोंदी असतात. त्या तपासायच्या, साठवणीकडे द्यायच्या आणि लगेच मोकळं व्हायचं.

२. सेंट्रीसारखी एरर गोळा करणारी तयार सेवा असताना स्वतः का बांधायचं?

फक्त एरर पकडायच्या असतील आणि टीम दोन-तीन जणांची असेल तर तयार सेवाच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. स्वतःचा एंडपॉइंट तेव्हा घ्यावा जेव्हा माहिती तुमच्या सर्व्हरबाहेर जाऊ द्यायची नसते, किंवा लॉगची साठवण आधीपासून आहे आणि ब्राउझरचे लॉगही तिथेच हवे असतात. पण आधी प्रश्न ८ आणि १२ वाचा. ती दोन कामं करायची तयारी नसेल तर स्वतःचा एंडपॉइंट उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. सुरुवातीला कमीत कमी काय काय ठरवावं लागतं?

मार्ग एकच ठेवा आणि त्यावर फक्त पोस्ट घ्या. एंडपॉइंट दुसऱ्या डोमेनवर असेल आणि कॉर्स (दुसऱ्या डोमेनला परवानगी द्यायची ब्राउझरची पद्धत) वापरत असाल तर ऑप्शन्स रिक्वेस्टही घ्यावी लागेल (प्रश्न ७). बॉडी (रिक्वेस्टमधला मजकूर) जास्तीत जास्त किती मोठी चालेल, कोणते कंटेंट-टाइप (मजकुराचे प्रकार) घेणार आणि कोणती फील्ड्स ठेवणार, हे कोड लिहिण्याआधी कागदावर उतरवा.

फील्ड्सच्या बाबतीत हात आखडता ठेवा. वेळ, पातळी, संदेश, ॲपची आवृत्ती, पानाचा पत्ता आणि त्या भेटीपुरता तयार केलेला एक यादृच्छिक क्रमांक, एवढ्यावर बहुतेक तपास होतात. आवृत्ती मात्र विसरू नका. मिनिफाय केलेल्या (आवळून लहान केलेल्या) कोडचा स्टॅक ट्रेस (एरर कुठून आली त्याची यादी) सोर्स मॅपशिवाय, म्हणजे मूळ कोडशी जुळवणाऱ्या फाइलशिवाय, वाचता येत नाही, आणि कुठला सोर्स मॅप लावायचा ते आवृत्तीवरूनच कळतं. यादीत नसलेलं फील्ड आलं तर ते गुपचूप टाकून द्या. पातळ्यांसाठी आरएफसी ५४२४ या मानकातली सिसलॉग या लॉग-पद्धतीची ० ते ७ ही उतरंड आहे. ब्राउझरसाठी त्यातल्या एरर, वॉर्निंग, इन्फो आणि डीबग या चार पुरतात.

४. ब्राउझरमधून पाठवायला फेच वापरू की सेंडबीकन?

दोन्ही जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवायच्या सोयी आहेत. पान उघडं असताना साधा फेच उत्तम. खरी अडचण पान बंद होताना येते, कारण तेव्हा चालू असलेला साधा फेच ब्राउझर मारून टाकतो. त्या क्षणासाठी सेंडबीकन किंवा कीपअलाइव्ह (‘पान बंद झालं तरी चालू ठेव’) लावलेला फेच वापरायचा. दोन्हींना ६४ किबीची (किबी म्हणजे १,०२४ बाइट) मर्यादा आहे, आणि ती वाटेत असलेल्या सगळ्या बीकन्सना मिळून आहे. सेंडबीकन ‘ट्रू’ परत देतो त्याचा अर्थ ‘रांगेत घेतलं’ इतकाच. पोहोचलं की नाही, हे तो कधीच सांगत नाही. ‘फॉल्स’ आलं तर गठ्ठा मोठा झालाय, तो तोडून पाठवा.

पाठवायची वेळही महत्त्वाची आहे. ‘अनलोड’ इव्हेंटवर भरवसा ठेवू नका. मोबाइलवर माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि तिथून ब्राउझर सरळ बंद करतो, तेव्हा ‘अनलोड’ घडतच नाही. ‘व्हिजिबिलिटीचेंज’ ऐका, आणि पान दिसेनासं झालं की साठलेलं पाठवून द्या.

५. सेंडबीकनने पाठवलेला जेसन (माहिती लिहायचा एक ठरावीक साचा) सर्व्हरवर रिकामा का येतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सेंडबीकनला स्ट्रिंग दिली की ती टेक्स्ट/प्लेन म्हणून जाते. एक्सप्रेसचा जेसन पार्सर मुळात ॲप्लिकेशन/जेसन एवढंच वाचतो, बाकीच्याकडे पाहत नाही. मग बॉडीच्या जागी रिकामा ऑब्जेक्ट किंवा ‘अनडिफाइन्ड’ मिळतो. एरर कुठेच येत नाही, त्यामुळे माणूस तासन्‌तास ब्राउझरचा कोड तपासत बसतो.

इलाज दोन आहेत. एक, जेसनचा ब्लॉब (ब्राउझरमधलं कच्च्या डेटाचं रूप) करून त्याला ॲप्लिकेशन/जेसन हा प्रकार द्यायचा. डोमेन वेगळं असेल तर यामुळे प्रीफ्लाइट (आधी परवानगी विचारणारी वेगळी रिक्वेस्ट) मागे लागतो. दोन, सर्व्हरवर या एका मार्गापुरतं टेक्स्ट/प्लेनही स्वीकारायचं आणि स्वतः जेसन म्हणून पार्स करायचं. मी दुसरा सुचवेन. पान बंद होताना प्रीफ्लाइटची एक जास्तीची फेरी झाली की काही नोंदी हमखास हरवतात. पार्सर बदलताना तो फक्त याच मार्गावर बदला, सगळ्या ॲप्लिकेशनसाठी नको.

६. लॉग पाठवला की ४०३ (परवानगी नाही) येतो. लॉगिन तर व्यवस्थित आहे. काय चुकतंय?

बहुधा सीएसआरएफचं, म्हणजे दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या नावावर रिक्वेस्ट पाठवण्याविरुद्धचं, संरक्षण आडवं येतंय. जँगो अशा वेळी ४०३ देतो, रेल्स ४२२ आणि लाराव्हेल ४१९. सेंडबीकनला स्वतःचे हेडर लावता येत नाहीत, त्यामुळे टोकन (ओळखीचा कोड) हेडरमधून पाठवायची नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही. या एका मार्गाला सीएसआरएफमधून सूट द्या. जँगोत त्यासाठी व्ह्यूवर ‘सीएसआरएफ एक्झेम्प्ट’ डेकोरेटर लावतात.

सूट देणं सुरक्षित आहे, पण एका अटीवर: या मार्गाने लॉगची नोंद लिहिण्यापलीकडे काहीही बदलता कामा नये. ‘लॉग आला की वापरकर्त्याची शेवटची भेट अपडेट कर’ असली जोडकामं इथे चिकटवली की अट मोडली.

७. ॲप एका डोमेनवर आणि लॉगचा एंडपॉइंट दुसऱ्या डोमेनवर आहे. कॉर्स कसं लावायचं?

जमलं तर दोन्ही एकाच डोमेनवर आणा. एनजिनएक्समध्ये एक लोकेशन लिहून रिक्वेस्ट आत वळवली की हा प्रश्नच उरत नाही.

तसं शक्य नसेल तर ही बारकी गोष्ट लक्षात ठेवा. सेंडबीकन नेहमी कुकीजसकट जातो. त्यामुळे प्रीफ्लाइट लागणार असेल तर परवानगी दिलेल्या ओरिजिनच्या (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साइटच्या पत्त्याच्या) जागी तारा (*) चालत नाही. नेमकं ओरिजिन लिहावं लागतं आणि क्रेडेन्शियल्सना (कुकीजसारख्या ओळखीला) वेगळी परवानगी द्यावी लागते. प्रीफ्लाइटचं उत्तर ब्राउझरने लक्षात ठेवावं म्हणून मॅक्स-एज द्या. क्रोम ते जास्तीत जास्त दोन तास पाळतो, फायरफॉक्स चोवीस तास.

कॉर्स लावलं म्हणजे एंडपॉइंट सुरक्षित झाला, असं मात्र समजू नका. कॉर्स पाळतो तो ब्राउझर. टर्मिनलवरून कर्ल हा रिक्वेस्ट पाठवणारा प्रोग्रॅम चालवणाऱ्याला त्याचा काहीच अडथळा नसतो.

८. मग कुणीही खोटे लॉग पाठवू शकेल का? टोकन लावलं तर?

हो, पाठवू शकेल. ब्राउझरमध्ये गेलेलं टोकन पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, म्हणून त्याला गुपित म्हणता येत नाही. त्याचा उपयोग कुठल्या ॲपचा लॉग आहे हे ओळखायला आणि गरज पडली तर ते टोकन बंद करायला होतो. बस.

ब्राउझरसाठीचा लॉग एंडपॉइंट ही चौकातली तक्रारपेटी आहे. चिठ्ठी कोण टाकेल यावर तुमचा ताबा नाही. ताबा आहे तो पेटीचं तोंड किती रुंद ठेवायचं आणि चिठ्ठीतल्या मजकुरावर किती विश्वास ठेवायचा यावर. म्हणूनच आकार (प्रश्न ९), वेग (प्रश्न १०) आणि मजकुराची साफसफाई (प्रश्न १२) या तीन गोष्टींना पर्याय नाही. या एंडपॉइंटवर आलेल्या नोंदी वेगळ्या प्रवाहात ठेवा आणि ‘बाहेरून आलेलं’ असा शिक्का त्यांच्यावर सर्व्हरनेच मारा. पैशांच्या व्यवहाराचा पुरावा किंवा कुणी काय बदललं याचा इतिहास या नोंदींवरून कधीही काढू नका.

तुमच्याच दोन सर्व्हरमधला एंडपॉइंट असेल तर गोष्ट निराळी. तिथे गुपित खरोखर गुपित राहतं. बॉडी आणि वेळ मिळून एचमॅक सही (गुपित वापरून काढलेला ताळ्याचा कोड) करा, सही पडताळताना वेळ-समान तुलना (सही जुळो वा न जुळो, तेवढाच वेळ घेणारी) वापरा आणि पाच मिनिटांपेक्षा जुनी रिक्वेस्ट नाकारा. ब्राउझरचा आणि सर्व्हरचा असे दोन वेगळे मार्ग ठेवा. एकाच मार्गावर ‘टोकन असेल तर असं, नसेल तर तसं’ लिहिलं की भोक तिथेच पडतं.

९. ४१३ (बॉडी फार मोठी) का येतो? आकाराची मर्यादा किती ठेवू?

मर्यादा एका जागी नसते, साखळीत असते, आणि सगळ्यात लहान कडी जिंकते. एनजिनएक्समध्ये बॉडीची मूळ मर्यादा १ एमबी आहे, एक्सप्रेसच्या जेसन पार्सरची १०० केबी, जँगोची २.५ एमबी. म्हणजे एनजिनएक्समध्ये १० एमबी करूनही एक्सप्रेस ४१३ देतच राहतो.

ब्राउझरसाठी ६४ किबी पुरे. सेंडबीकनची मर्यादा तीच आहे, त्यापुढचं सहसा चुकीने किंवा मुद्दाम पाठवलेलं असतं. शिवाय एका नोंदीत संदेश किती बाइटचा आणि एका गठ्ठ्यात नोंदी किती, हेही बांधा. मर्यादा ओलांडणारा संदेश नाकारण्याऐवजी कापून ठेवा आणि ‘कापला’ अशी खूण करा, कारण सर्वात लांब स्टॅक ट्रेस पुष्कळदा सर्वात महत्त्वाच्या एररचा असतो. मराठी मजकूर कापताना काय होतं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

जीझिपने दाबून लहान केलेले गठ्ठे स्वीकारत असाल तर मर्यादा उलगडल्यानंतरच्या आकाराला लावा. एकाच अक्षराची लांबलचक फाइल जीझिपने हजारपट लहान होऊ शकते. येताना ती काही केबींची दिसते आणि उलगडताच मेमरी खाऊन टाकते. पूर्ण उलगडून मग मोजू नका. उलगडता उलगडता मोजा आणि मर्यादेशी थांबा.

१०. रेट लिमिट (किती वेगाने रिक्वेस्ट घ्यायच्या त्याची मर्यादा) आयपीवर लावलं तर चालेल का?

चालेल, पण भारतात सांभाळून. मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कवर एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे खूप मोठ्या संख्येने ग्राहक असतात. मिनिटाला दहा अशी घट्ट मर्यादा लावली की एक बिघडलेला फोन आणि हजार निर्दोष फोन एकाच पारड्यात जातात. आयपीव्ही६ ची गोष्ट उलटी. एकाच ग्राहकाकडे अख्खा /६४ गट (पहिला अर्धा भाग सारखा असलेले सगळे पत्ते) असतो, म्हणून पूर्ण पत्त्यावर नव्हे तर त्या गटावर मोजा. आयपीवर सैल, भेटीच्या क्रमांकावर घट्ट आणि सगळ्यांवर मिळून एक शेवटची मर्यादा, अशी तीन पातळ्यांची रचना मला सर्वांत भरवशाची वाटते.

प्रॉक्सीमागे (रिक्वेस्ट पुढे देणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) असाल तर आधी खात्री करा की तुम्हाला दिसतोय तो आयपी खरा आहे. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हे हेडर कुणीही स्वतः लिहून पाठवू शकतं. त्यातला तुमच्या प्रॉक्सीने जोडलेला भागच धरायचा. एक्सप्रेसमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ला सरसकट ‘ट्रू’ दिलं की ही खबरदारी वाया जाते.

मर्यादा ओलांडली की ४२९ द्या, सोबत रिट्राय-आफ्टर (किती वेळाने पुन्हा पाठवावं ते सांगणारं हेडर). आणि पाठवणाऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्याच जावास्क्रिप्टमध्ये, तीच एरर लागोपाठ आली तर पहिल्या काही पाठवून बाकीच्यांची फक्त संख्या पाठवायची सोय करा. स्क्रोलच्या हँडलरमधली एक एरर सेकंदाला साठ वेळा येऊ शकते.

११. एंडपॉइंटने उत्तर काय द्यावं: २००, २०२ की २०४?

ब्राउझरला २०४ (ठीक, उत्तरात मजकूर नाही). तो उत्तर वाचतच नाही, मग बॉडी कशाला पाठवायची? सेवांना २०२ द्या, म्हणजे ‘घेतलं आहे, लिहिणं बाकी आहे’ असा अर्थ होतो.

नाकारताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मजकूरच चुकीचा असेल तर ४००, म्हणजे समोरच्याने तो पुन्हा पाठवू नये. तुमची साठवण बंद असेल तर ५०३, म्हणजे थोडं थांबून पाठवावा. यात गल्लत झाली की चुकीचा गठ्ठा समोरचा अनंतकाळ पाठवत बसतो. गठ्ठ्यातल्या पन्नास नोंदींपैकी दोन खराब असतील तर अठ्ठेचाळीस घ्या आणि दोन मोजून सोडा.

१२. लॉगच्या मजकुरातून हल्ला होऊ शकतो का? शेवटी तो मजकूरच ना?

होऊ शकतो, आणि झालाही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल उघड झालं. जावाच्या लॉग४जे २ या लायब्ररीत लॉगच्या संदेशातली एक विशिष्ट ढबीची अक्षरं वाचून ती लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरकडून कोड आणून चालवत असे. हल्ला करणाऱ्याला फक्त ती अक्षरं लॉगमध्ये पोहोचवायची होती. यूजर-एजंट हेडरमध्ये लिहिली तरी पुरत होती. लॉग घेणारा एंडपॉइंट तर अनोळखी मजकूर आत घेण्यासाठीच बांधलेला असतो.

तीन गोष्टी कराच. पहिली, नवीन ओळीची अक्षरं. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत असाल आणि संदेशात नवीन ओळ आली, तर पुढचा भाग स्वतंत्र नोंदीसारखा दिसतो. ‘ॲडमिनने लॉगिन केलं’ अशी खोटी ओळ कुणीही घुसवू शकतं. नोंद जेसन म्हणून एका ओळीत लिहा, जेसन नवीन ओळ स्वतःच एस्केप करतो. टर्मिनलचे रंग बदलणारी नियंत्रण-अक्षरंही काढा.

दुसरी, संदेश कधीही फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून लॉगरला देऊ नका. फॉरमॅट तुमचा, संदेश त्यातला एक पॅरामीटर.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: लॉग पाहण्याचं पान. आतल्या वापरासाठी घाईत बनवलेल्या डॅशबोर्डवर संदेश जसाच्या तसा एचटीएमएलमध्ये टाकला, तर बाहेरच्याने पाठवलेली स्क्रिप्ट तुमच्या ॲडमिनच्या ब्राउझरमध्ये चालते, ॲडमिनच्याच अधिकारांनी.

१३. पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक लॉगमध्ये येऊ नयेत म्हणून काय करू?

हे कुणाच्याही हातून घडू शकतं, म्हणूनच मनावर घ्या. मे २०१८ मध्ये ट्विटरने ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण हॅश (मूळ पासवर्ड परत काढता येऊ नये असं रूप) होण्याआधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. फेसबुकचंही तसंच प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने त्यासाठी ९ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला.

पहिला बांध पाठवण्याआधीच घाला. फॉर्मचा सगळा डेटा किंवा रिक्वेस्टची सगळी बॉडी लॉगला जोडायची सवय मुळातच सोडा. पानाचा पत्ता पाठवताना प्रश्नचिन्हानंतरचा भाग कापा, पासवर्ड रीसेटचं टोकन नेमकं तिथेच असतं. दुसरा बांध सर्व्हरवर: बारा सलग अंक, चार-चारच्या गटातले अंक, ईमेल, ऑथरायझेशन हेडरसारखं दिसणारं काहीही झाका. अशा गाळणीतून थोडं सुटतंच, म्हणून खरा भरवसा प्रश्न ३ मधल्या आखूड फील्ड-यादीवर.

१४. लॉग किती दिवस ठेवायचे? कायद्यात काही आहे का?

आहे. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांना आपल्या संगणक प्रणालींचे लॉग मागचे १८० दिवस सुरक्षित ठेवावे लागतात. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि घड्याळं राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची असतात.

दुसऱ्या बाजूला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आहे, जो गरजेपेक्षा जास्त वैयक्तिक माहिती ठेवायला मुभा देत नाही. दोन्ही एकदम पाळायचे तर वैयक्तिक माहिती लॉगमध्ये शिरूच न देणं हा सर्वांत सुखाचा मार्ग. ब्राउझरच्या डीबग नोंदी आणि सर्व्हरचे सुरक्षा-लॉग यांच्या मुदती वेगळ्या ठेवा. नेमकी मुदत तुमच्या कायदा-सल्लागाराकडून लेखी घ्या.

१५. मराठी मजकुराचे लॉग मोडतात किंवा शोधताना सापडत नाहीत. का?

याची तीन वेगवेगळी कारणं असतात.

आकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक (अक्षर किंवा चिन्हाचा यूनिकोड क्रमांक) ३ बाइट घेतो. ‘नमस्कार’ यात सात संकेतांक आहेत, म्हणजे २१ बाइट. जावास्क्रिप्टचा ‘लेंग्थ’ सात सांगतो. लेंग्थ मोजून ६४ किबीची मर्यादा पाळायला गेलात तर मराठी संदेश सुमारे २१,८०० अक्षरांशीच तिला भिडतो. बाइट मोजायला टेक्स्टएन्कोडर वापरा. सर्व्हरवर बाइटच्या हिशोबाने कापताना अक्षराच्या मधोमध कात्री लागली तर शेवटी तो काळा चौकोन दिसतो, आणि काही पार्सर अख्खी नोंदच फेकून देतात.

एस्केप. पायथनचा जेसन मुळात आस्कीबाहेरचं प्रत्येक अक्षर उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार अंकी संकेत असं लिहितो. मग फाइलमध्ये ग्रेप या शोधायच्या कमांडने ‘त्रुटी’ शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण ती अक्षरं तिथे त्या रूपात नसतातच. ‘एन्शुअर आस्की’ला ‘फॉल्स’ द्या.

दोन रूपं. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला ऱ कीबोर्डनुसार एका संकेतांकाचा असतो किंवा र आणि नुक्ता असा दोन संकेतांकांचा. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. नोंद साठवताना एनएफसी या यूनिकोडच्या ठरावीक रूपात आणा आणि शोधायचा शब्दही त्याच रूपात आणा.

१६. वेळ कुणाची धरायची, फोनची की सर्व्हरची?

दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या फील्डमध्ये. फोनची घड्याळं चुकतात, काही तर मुद्दाम पुढेमागे केलेली असतात. क्रम लावायला सर्व्हरची वेळ, एकाच भेटीतल्या दोन घटनांमधलं अंतर मोजायला फोनची. साठवताना यूटीसी ठेवा आणि दाखवताना साडेपाच तास मिळवा.

कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज गेलेल्या फोनवरचे लॉग तासाभराने एकदम येतात, म्हणून जुन्या वेळेची नोंद आली एवढ्यावरून ती नाकारू नका. प्रश्न ८ मधली पाच मिनिटांची अट फक्त सर्व्हर-सर्व्हरमधल्या सहीसाठी आहे.

१७. आलेली नोंद सरळ डेटाबेसमध्ये लिहू का?

रिक्वेस्ट ताटकळत ठेवून नाही. ॲपमध्ये काहीतरी बिघडतं तेव्हाच लॉगचा पूर येतो, आणि त्याच वेळी डेटाबेस आधीच हाशहुश करत असतो. लॉग लिहिण्यासाठी त्याच डेटाबेसची कनेक्शन्स अडवली तर छोटा बिघाड मोठा होतो. नोंद मर्यादित लांबीच्या रांगेत टाका, रांग भरली तर डीबग आधी फेका, एरर शेवटी, आणि किती फेकल्या ते मोजा.

स्टँडर्ड आउटपुटवर लिहून पुढचं काम लॉग उचलणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडणं हाही चांगला मार्ग आहे, पण दोन सेटिंग्ज तपासा. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा मूळ जेसन-फाइल ड्रायव्हर फाइल आपोआप फिरवत (जुनी बाजूला करून नवी सुरू करत) नाही. कमाल आकार दिला नाही तर डिस्क भरेपर्यंत ती वाढते. आणि लिनक्समधल्या सिस्टमडीचा जर्नल एका सेवेकडून ३० सेकंदांत मर्यादित नोंदीच घेतो (मूळ सेटिंग १०,०००, डिस्कवरच्या मोकळ्या जागेनुसार प्रत्यक्ष मर्यादा वाढते), बाकीच्या गाळतो.

१८. एररच्या जागी नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ येतं. खरा संदेश कुठे गेला?

दुसऱ्या डोमेनवरून, उदाहरणार्थ सीडीएनवरून (फाइल वाटणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून), आणलेल्या स्क्रिप्टमधल्या एररचा तपशील ब्राउझर लपवतो. स्क्रिप्टच्या टॅगला ‘क्रॉसओरिजिन’ हा गुणधर्म द्या आणि सीडीएनकडून कॉर्सचं परवानगी हेडर येईल असं पाहा. दोन्ही हवेत. हेडर नसताना फक्त गुणधर्म दिला तर स्क्रिप्ट लोडच होणार नाही.

१९. काही लोकांकडून एकही लॉग येत नाही. एंडपॉइंट तर चालू आहे.

जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बघा. त्यांच्या याद्यांत ‘कलेक्ट’, ‘ट्रॅक’, ‘ॲनालिटिक्स’ असे शब्द असलेले मार्ग असतात. एंडपॉइंट स्वतःच्या डोमेनवर आणि साध्या नावाने ठेवला की एरर-लॉग सहसा पोहोचतात. पण याचा आडोसा घेऊन लोकांच्या वावरावर पाळत ठेवू नका. ज्याने एक्स्टेन्शन लावलं आहे त्याने ‘नको’ असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

२०. सीएसपीचे (पानावर काय चालू द्यायचं ते ठरवणाऱ्या नियमांच्या भंगाचे) अहवाल याच एंडपॉइंटवर घेऊ का?

त्यासाठी वेगळा मार्ग करा. जुनं ‘रिपोर्ट-यूआरआय’ ॲप्लिकेशन/सीएसपी-रिपोर्ट पाठवतं, एका वेळी एक. नवं ‘रिपोर्ट-टू’ ॲप्लिकेशन/रिपोर्ट्स+जेसन पाठवतं, त्यात यादी असते आणि ती थोड्या उशिराने येते. दोन्ही घ्या. वापरणाऱ्यांच्या एक्स्टेन्शनमुळे येणारे अहवाल सुरुवातीलाच गाळा, नाहीतर कामाचे अहवाल त्यांच्याखाली दबून जातात.

२१. ओपनटेलिमेट्रीचे (लॉग, मेट्रिक पाठवायच्या खुल्या मानकाचे) लॉग आमच्या ॲपमध्येच थेट घेता येतील का?

येतील, पण मध्ये कलेक्टर (त्याच मानकाचा, लॉग गोळा करून पुढे देणारा प्रोग्रॅम) ठेवणं शहाणपणाचं. एचटीटीपीवरून ते ४३१८ पोर्टवर घेतले जातात, जीआरपीसीवरून ४३१७ वर. स्वतः लिहिलंत तर एक गोष्ट सांभाळा: पाठवणारा ४२९, ५०२, ५०३ आणि ५०४ या चारांवरच पुन्हा प्रयत्न करतो. तुमची साठवण बंद असताना ५०० दिलंत तर तो गठ्ठा कायमचा गेला.

२२. पायथनच्या लॉगिंगमधला तयार एचटीटीपी हँडलर लावला, पण जेसन पार्स होत नाही.

तो जेसन पाठवतच नाही, फॉर्मच्या रूपात पाठवतो. शिवाय उत्तर येईपर्यंत तुमचा प्रोग्रॅम अडवून ठेवतो. रांगेचा हँडलर पुढे ठेवा आणि पाठवण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर द्या.

२३. एकच नोंद दोनदा येते. कशी थांबवू?

पाठवणाऱ्याला उत्तर मिळालं नाही की तो पुन्हा पाठवतो. तुम्ही पहिली नोंद लिहिलेली असली तरी त्याला ते माहीत नसतं. हे थांबवू नका, ओळखा. नोंद तयार होतानाच तिला एक अद्वितीय क्रमांक द्या, पुन्हा पाठवताना तोच ठेवा, आणि साठवताना तो आधी आलेला असेल तर सोडून द्या.

२४. रात्रीत लॉग लाखोंनी वाढले, आणि सगळे एंडपॉइंटच्या स्वतःच्याच एररचे आहेत. हे काय झालं?

लॉग स्वतःभोवती फिरू लागले. एंडपॉइंटने एरर दिली, ब्राउझरने ‘रिक्वेस्ट अयशस्वी’ ही एरर पकडली, तीही लॉग म्हणून त्याच एंडपॉइंटकडे पाठवली, ती पुन्हा अयशस्वी झाली. सर्व्हरवरही असंच घडतं: एंडपॉइंटचा ॲक्सेस लॉग उचलणारा प्रोग्रॅम तो त्याच एंडपॉइंटवर पोस्ट करतो, आणि त्या पोस्टची पुन्हा ॲक्सेस लॉगमध्ये ओळ पडते.

लॉग पाठवणाऱ्या कोडमधली एरर लॉग म्हणून कधीही पाठवायची नाही, ती फक्त कन्सोलवर. एररवर पुन्हा प्रयत्न करताना थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करा, त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळा आणि तीन-चार प्रयत्नांनंतर सोडून द्या. सर्व्हरवर या मार्गाचा ॲक्सेस लॉग बंद ठेवा किंवा लॉग उचलणाऱ्यातून तो वगळा. एंडपॉइंटच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला आलेल्या, लिहिलेल्या, नाकारलेल्या आणि फेकलेल्या नोंदींचे चार आकडे मेट्रिक म्हणून वेगळ्या वाटेने बाहेर काढा. आलेल्या नोंदी अचानक शून्यावर गेल्या तरीही सूचना यायला हवी.